स्पेनचे ५० प्रांत पाठ करायचेत? आधी पिनकोड, मग नकाशा

स्पेनचे प्रांत शिकायचं मनावर घेतलं की लोक पहिल्यांदा भिंतीवर रंगीत नकाशा चिकटवतात. त्यातले सतरा रंग पाठ होतात, रंगांची नावंही पाठ होतात आणि कुणी विचारलं, "सोरिया कुठल्या रंगात?" की गाडी अडते. मी सारागोसाजवळच्या एका पार्सल गोदामात छाननीचं काम बघते. नवीन माणूस कामावर आला की मी त्याला नकाशा दाखवत नाही. हातात लेबल देते आणि सांगते, पिनकोडचे पहिले दोन आकडे वाच. पार्सल कुठल्या ट्रॉलीत टाकायचं ते त्यावर ठरतं, आणि हळूहळू अख्खा देशही त्यातूनच डोक्यात बसतो. नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा परीक्षेसाठी ज्यांना हे शिकायचंय त्यांना हीच पद्धत सांगते.

आधी पसारा किती आहे ते बघू. स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रदेश आहेत. त्यांत मिळून ५० प्रांत. शिवाय आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउता आणि मेलिया ही दोन स्वायत्त शहरं, ती कुठल्याच प्रांतात नाहीत. प्रत्येक प्रांताला राजधानी, प्रत्येक प्रदेशालाही राजधानी, असं ऐकलं की माणूस घाबरतो. पण ५० पैकी ४२ प्रांतांचं आणि त्यांच्या राजधानीचं नाव एकच आहे. तेरुएल प्रांताची राजधानी तेरुएल, लुगोची लुगो. वेगळी नावं फक्त आठ ठिकाणी. आणि प्रदेशाच्या राजधान्या बहुतेक कुठल्या ना कुठल्या प्रांताच्या राजधान्याच आहेत, त्याबाहेरची शहरं फक्त दोन. म्हणजे ५० नावं, आठ अपवाद आणि दोन जादा शहरं, एवढंच काम आहे.

पहिले दोन आकडे

स्पेनचा पिनकोड पाच आकडी असतो आणि पहिले दोन आकडे म्हणजे प्रांत. हे आकडे प्रांतांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने दिलेत, ०१ ते ५०. त्यामुळे नकाशावर कोण कुणाशेजारी आहे याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. ४३ तारागोना भूमध्य समुद्रावर, ४४ तेरुएल त्याला लागून डोंगरात, हा निव्वळ योगायोग. ४५ तोलेदो त्यांच्यापासून कितीतरी लांब, देशाच्या मध्यभागी.

पाठ करताना ५०ची एक लांबलचक यादी करू नका. अक्षरांचे गठ्ठे करा. रोमन अक्षर ए: ०१ आलावा, ०२ आल्बासेते, ०३ आलिकांते, ०४ अल्मेरिया, ०५ आविला. बी: ०६ बादाहोस, ०७ बालेआरेस बेटं, ०८ बार्सिलोना, ०९ बुर्गोस. सी हा सगळ्यात मोठा गठ्ठा: १० कासेरेस, ११ कादिस, १२ कास्तेयोन, १३ सिउदाद रेआल, १४ कोर्दोबा, १५ ला कोरुन्या, १६ कुएन्का. इथे एक दिवस थांबा. घाईघाईने पुढे गेलात तर १० आणि ११ची अदलाबदल पुढे जन्मभर होत राहते.

मग जी: १७ जिरोना, १८ ग्रानादा, १९ ग्वादालाहारा, २० गिपुस्कोआ. एच: २१ उएल्वा, २२ उएस्का. यातला एच लिहायचा पण म्हणायचा नाही, त्यामुळे कानाने शिकणारे ही दोन नावं यू अक्षराखाली शोधत बसतात. जे: २३ हाएन, एकटाच. एल: २४ लेओन, २५ ल्येइदा, २६ ला रियोहा, २७ लुगो. एम: २८ माद्रिद, २९ मालागा, ३० मुर्सिया. ३१ नावारा. ओ: ३२ ओउरेन्से, ३३ आस्तुरियास. पी: ३४ पालेन्सिया, ३५ लास पाल्मास, ३६ पोन्तेवेद्रा. एस: ३७ सालामान्का, ३८ सांता क्रूझ दे तेनेरीफ, ३९ कांताब्रिया, ४० सेगोविया, ४१ सेव्हिया, ४२ सोरिया. टी: ४३ तारागोना, ४४ तेरुएल, ४५ तोलेदो. व्ही: ४६ व्हॅलेन्सिया, ४७ वायादोलिद, ४८ विस्काया. शेवटी झेड: ४९ सामोरा, ५० सारागोसा. सेउता ५१, मेलिया ५२, ही दोघं रांगेच्या बाहेर शेपटाला.

लक्षपूर्वक वाचलंत तर तीन ठिकाणी खटकलं असेल. आस्तुरियास हे ए अक्षराचं नाव ओच्या गठ्ठ्यात ३३ क्रमांकावर काय करतंय? कांताब्रिया सी सोडून एसमध्ये, ३९वर कसं? आणि ला रियोहा २६ला, लेओन आणि लुगोच्या मध्ये? कारण या तिघांची जुनी नावं त्यांच्या राजधान्यांवरून होती: ओविएदो, सांतान्देर, लोग्रोन्यो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तिन्ही प्रांत स्वतंत्र स्वायत्त प्रदेश झाले आणि प्रांताचं नावही बदललं. आकडे मात्र जुन्या नावाच्या जागीच राहिले. शिकणाऱ्याची यात सोय झाली आहे, कारण आकड्याची जागाच राजधानी सांगते. ३३ ओच्या गठ्ठ्यात म्हणजे ओविएदो. ३९ एसमध्ये म्हणजे सांतान्देर. २६ एलमध्ये म्हणजे लोग्रोन्यो. आठ अपवादांपैकी तीन इथेच सुटले.

उरलेले पाच असे: आलावाची राजधानी व्हितोरिया, विस्कायाची बिल्बाओ, गिपुस्कोआची सान सेबास्तियान, नावाराची पाम्प्लोना, बालेआरेसची पाल्मा. यांच्यासाठी जुन्या गाड्या बघा. सप्टेंबर २००० पर्यंत स्पेनमध्ये गाडीच्या नंबरप्लेटवर प्रांताची अक्षरं असायची. खेड्यांत अशा गाड्या अजून धावतात, विशेषतः शेतकऱ्यांच्या. विस्कायाला बीआय, म्हणजे बिल्बाओ. आलावाला व्हीआय, म्हणजे व्हितोरिया. गिपुस्कोआला एसएस. बालेआरेसला पीएम, म्हणजे पाल्मा दे मायोर्का (नंतर ती बदलली). फक्त नावाराने प्लेटवरही आपलंच नाव लावलं, एनए. पाम्प्लोना तेवढी वेगळी लक्षात ठेवा. बैलांपुढे धावायच्या तिथल्या उत्सवामुळे ती एरवीही लक्षात राहते.

तिसरा आकडा

हे फारसं कुणी सांगत नाही. पिनकोडचा तिसरा आकडा शून्य असेल तर साधारणपणे ते शहर प्रांताची राजधानी असतं. ५०००१ म्हणजे सारागोसा शहर. २२००१ उएस्का शहर, पण २२७०० आला की पार्सल वर डोंगरात, हाका गावाकडे. ३३००१ ओविएदो, ३३२०१ खिखोन.

याचा उपयोग असा की प्रांतातलं सगळ्यात मोठं शहर तेच राजधानी, हा समज मोडतो. आस्तुरियासमध्ये खिखोन ओविएदोपेक्षा मोठं. पोन्तेवेद्रा प्रांतात विगो पोन्तेवेद्रापेक्षा कितीतरी मोठं, मोठ्या बंदराचं शहर, पण त्याचे पिनकोड ३६२ने सुरू होतात आणि राजधानीचे ३६०ने. कादिस प्रांतात हेरेस दे ला फ्रोन्तेरा मोठं, त्याचा कोड ११४, आणि समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या टोकावरचं कादिस ११०. नवीन पोरांना मी हे तीन जोड्यांनी शिकवते: ३३२ आणि ३३०, ३६२ आणि ३६०, ११४ आणि ११०. नकाशावर ठिपका केवढा आहे यावर विश्वास ठेवायचा नाही, शून्यावर ठेवायचा.

आणि गावाच्या नावावर तर मुळीच ठेवायचा नाही. मेदिना देल काम्पो वायादोलिदमध्ये, मेदिना सिदोनिया कादिसमध्ये, मेदिना दे पोमार बुर्गोसमध्ये, मेदिनासेली सोरियात. आल्काला दे एनारेस माद्रिदमध्ये, आल्काला ला रेआल हाएनमध्ये. व्हॅलेन्सिया दे आल्कान्तारा हे व्हॅलेन्सियात नाही, ते पोर्तुगालच्या सीमेवर कासेरेस प्रांतात आहे. लेबलवर पाठवणाऱ्याने नुसतं 'मेदिना' लिहिलेलं असतं तेव्हा कामाला येतात ते आकडे.

या खोड्या आल्या कुठून

प्रांत जुने आहेत, प्रदेश त्या मानाने नवे. ही गोष्ट कळली की अर्ध्या विसंगती आपोआप सुटतात, म्हणून इथे थोडं थांबते.

प्रांतांची आखणी हाविएर दे बुर्गोस नावाच्या मंत्र्याने ३० नोव्हेंबर १८३३च्या फर्मानाने केली. ४९ प्रांत केले आणि बहुतेकांना राजधानीचंच नाव दिलं. बास्क भागातल्या तिघांनी (आलावा, विस्काया, गिपुस्कोआ) आणि नावाराने मात्र आपली जुनी नावं राखली. त्यामुळेच ती चार आजही अपवादांच्या यादीत आहेत. पन्नासावा प्रांत १९२७ साली झाला, तोही भांडणातून. कानारी बेटांचा एकच प्रांत होता आणि राजधानी सांता क्रूझ. लास पाल्मासच्या लोकांना ते कधीच पटलं नाही. शेवटी प्रांताचे दोन तुकडे केले.

तेव्हापासून प्रांतांच्या सीमांमध्ये किरकोळच फेरफार झालेत. रेकेना आणि उतिएल ही द्राक्षमळ्यांची गावं १८५१ साली कुएन्कामधून काढून व्हॅलेन्सियाला जोडली, असली उदाहरणं शोधून काढावी लागतात.

स्वायत्त प्रदेश आले १९७८च्या राज्यघटनेनंतर. १९७९ ते १९८३ या चार वर्षांत एकामागून एक स्वायत्ततेच्या सनदा मंजूर झाल्या आणि तयार प्रांतांचे गठ्ठे बांधून प्रदेश बनले. सेगोवियाला स्वतःचा वेगळा प्रदेश हवा होता, १९८३ साली कायदा करून त्याला कास्तिया इ लेओनमध्ये घातलं. लेओनमध्ये आजही वेगळं व्हायची मागणी करणारे आहेत. आल्बासेते आधी मुर्सियाबरोबर मोजला जायचा, तो कास्तिया-ला मान्चात गेला. म्हणून वयस्कर ड्रायव्हरशी बोलताना सांभाळा. तो सांतान्देरला अजून 'जुना कास्तिया' या पूर्वीच्या विभागात धरतो आणि तसं म्हणताना त्याला स्वतःला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

आता गठ्ठे प्रदेशात भरा

आकडे आले की मग नकाशा काढा, आता तो कामाचा आहे. प्रदेश दोन जातींत वाटा: एकाच प्रांताचे आणि अनेक प्रांतांचे.

एकप्रांती प्रदेश सात आहेत: आस्तुरियास, कांताब्रिया, ला रियोहा, नावारा, माद्रिद, मुर्सिया आणि बालेआरेस. यांत प्रांत म्हणजेच प्रदेश. वेगळं प्रांतिक मंडळसुद्धा नसतं, ते काम प्रदेशाचं सरकारच करतं.

उरलेले दहा मोठे. आन्दालुसियात आठ: अल्मेरिया, कादिस, कोर्दोबा, ग्रानादा, उएल्वा, हाएन, मालागा, सेव्हिया. दक्षिणेचा सगळा पट्टा हाच. कास्तिया इ लेओनमध्ये नऊ, सगळ्यांत जास्त: आविला, बुर्गोस, लेओन, पालेन्सिया, सालामान्का, सेगोविया, सोरिया, वायादोलिद, सामोरा. कास्तिया-ला मान्चात पाच: आल्बासेते, सिउदाद रेआल, कुएन्का, ग्वादालाहारा, तोलेदो. गालिसियात चार (ला कोरुन्या, लुगो, ओउरेन्से, पोन्तेवेद्रा), काताल्युन्यात चार (बार्सिलोना, जिरोना, ल्येइदा, तारागोना). तीन-तीनचे तीन प्रदेश: आमचा आरागोन म्हणजे उएस्का, सारागोसा, तेरुएल, वरून खाली याच क्रमाने, बास्क प्रदेश म्हणजे आलावा, विस्काया, गिपुस्कोआ, व्हॅलेन्सियाचा प्रदेश म्हणजे किनाऱ्याने उतरत कास्तेयोन, व्हॅलेन्सिया, आलिकांते. दोन-दोनचे दोन: एक्स्त्रेमादुरा (कासेरेस वर, बादाहोस खाली) आणि कानारी बेटं.

कास्तिया इ लेओनचे नऊ सगळ्यांनाच जड जातात. मी ते दुएरो नदीच्या आधाराने लावते. नदी सोरियात उगम पावते, बुर्गोसच्या दक्षिण टोकातून आरान्दाला वळसा घालून वायादोलिद प्रांतात येते, तिथून सामोरा, आणि सालामान्काच्या कडेने पोर्तुगालमध्ये जाते. पाच झाले. नदीच्या वर लेओन आणि पालेन्सिया, खाली माद्रिदच्या डोंगरांना टेकलेले सेगोविया आणि आविला. नऊ पुरे.

राजधान्यांचा गोंधळ

बहुतेक प्रदेशांच्या राजधान्या ऐकूनच कळतात: आन्दालुसियाची सेव्हिया, आरागोनची सारागोसा, काताल्युन्याची बार्सिलोना. माद्रिद, मुर्सिया, व्हॅलेन्सिया नावातच आहेत. एकप्रांती प्रदेशांच्या आपण आधीच केल्या. मजा पुढे आहे.

सुरुवातीला म्हटलेली दोन जादा शहरं म्हणजे सान्तियागो दे कोम्पोस्तेला आणि मेरिदा. गालिसियाची राजधानी सान्तियागो, पण प्रांत ला कोरुन्या. पिनकोड बघा, १५७०५, तिसरा आकडा सात. एक्स्त्रेमादुराची राजधानी मेरिदा, प्रांत बादाहोस, पिनकोड ०६८००, तिसरा आकडा आठ. दोन्ही ठिकाणी शून्य नाही आणि तरी प्रदेशाचं सरकार तिथेच बसतं. मेरिदा तर साठेक हजार वस्तीचं शहर. बादाहोस आणि कासेरेस या दोन भांडणाऱ्या थोरल्यांना बाजूला सारून त्याला मान मिळाला. अर्थात, इसवी सनापूर्वी २५ साली रोमनांनी वसवलेलं आणि लुसितानिया प्रांताची राजधानी राहिलेलं ते शहर, त्याचा हक्क काही नवा नाही.

कानारी बेटांचं १९२७चं भांडण अजून पूर्ण मिटलेलं नाही. सनदेनेच दोन राजधान्या ठरवल्यात, लास पाल्मास आणि सांता क्रूझ. विधिमंडळ सांता क्रूझला, आणि अध्यक्षाचं कार्यालय दर कार्यकाळाला शहर बदलतं. परीक्षेत 'कानारीची राजधानी' एकाच शहराची विचारली असेल तर प्रश्नच चुकीचा आहे.

कास्तिया इ लेओनच्या सनदेत राजधानी म्हणून कुठल्याच शहराचं नाव नाही. सरकार आणि विधिमंडळ वायादोलिदमध्ये आहे, म्हणून सगळे वायादोलिद म्हणतात. लेओनमधल्या माणसासमोर तेवढं जरा जपून म्हणा. बास्क प्रदेशातही तसंच: व्हितोरियाला विधिमंडळ आणि सरकार आहे, व्यवहारात राजधानी तीच, पण सनदेत तिला तो शिक्का दिलेला नाही. बाहेरचे लोक हमखास बिल्बाओ सांगतात, कारण ते मोठं आणि प्रसिद्ध. कास्तिया-ला मान्चाची तोलेदो, वस्तीने मात्र आल्बासेते शहर मोठं.

शिवाय एका शहराला सगळं द्यायचं नाही, अशी इथे रीतच पडली आहे. मुर्सियाचं सरकार मुर्सियात, पण विधिमंडळ कार्ताहेनात. आन्दालुसियाचं उच्च न्यायालय ग्रानादात, कास्तिया इ लेओनचं बुर्गोसमध्ये, एक्स्त्रेमादुराचं कासेरेसमध्ये, कास्तिया-ला मान्चाचं आल्बासेतेत. राजधानी न मिळालेल्या शहराची समजूत कशाने काढली, हे शोधलं की दुसरं शहरही लक्षात राहतं. मला तरी ते तसंच राहिलं.

बेटं आणि पलीकडचा किनारा

आमच्या गोदामात चार आकडे कायम वेगळ्या कोपऱ्यात: ३५, ३८, ५१, ५२. कानारी बेटं युरोपीय संघाच्या व्हॅट क्षेत्राबाहेर आहेत, सेउता आणि मेलिया तर संघाच्या सीमाशुल्क क्षेत्राच्याही बाहेर. देश तोच, पण पार्सलला कस्टमचे कागद लागतात. ०७ बालेआरेसला ती भानगड नाही, फक्त समुद्र ओलांडायचा असतो. ऑनलाइन मागवताना 'द्वीपकल्पापुरतंच' असं लिहिलेलं दिसतं त्याचं कारण यातच आहे.

लास पाल्मासच्या प्रांतात ग्रान कानारिया, फुएर्तेवेन्तुरा आणि लान्सारोते, म्हणजे पूर्वेची बेटं. सांता क्रूझच्या प्रांतात तेनेरीफ, ला पाल्मा, ला गोमेरा आणि एल इएरो. आता सावध राहा: ला पाल्मा हे बेट ३८मध्ये, लास पाल्मास हे शहर ३५मध्ये आणि पाल्मा शहर ०७मध्ये, भूमध्य समुद्रात. नावं जवळजवळ सारखी आणि मध्ये अर्धा महासागर. या तिघांचे आकडे मी नवीन माणसाकडून पहिल्याच रात्री तोंडपाठ करून घेते.

सेउता आणि मेलिया यांना स्वायत्त शहराचा दर्जा १९९५ साली मिळाला. प्रांत विचारला तर 'नाही' हेच उत्तर.

नकाशातली भोकं

हौस असेल तरच वाचा. त्रेविन्यो हा बुर्गोसचा तुकडा चहूबाजूंनी आलावाने वेढलेला आहे. व्हितोरिया हाकेच्या अंतरावर, पण पिनकोड ०९चा आणि प्रदेशही वेगळा. रिन्कोन दे आदेमुस हा व्हॅलेन्सियाचा तुकडा तेरुएल आणि कुएन्काच्या मध्ये अडकलाय. पेतिया दे आरागोन नावात आरागोन मिरवतं, आहे मात्र नावाराचं, आणि वेढलेलं सारागोसा प्रांताने. चेतापेशींवरच्या संशोधनासाठी १९०६ साली नोबेल मिळवणारे सान्तियागो रामोन इ काहाल तिथे जन्मले. सगळ्यांवर कडी म्हणजे यिव्हिया: जिरोना प्रांतातलं हे गाव पूर्णपणे फ्रान्सच्या आत आहे. पिनकोड १७५२७, ट्रक फ्रान्समधून जातो.

कागदपत्रांत कुठे काय लागतं

हे पाठांतर नुसतं परीक्षेपुरतं नाही. परदेशी नागरिकांचं कार्यालय आणि वाहतूक खात्याचं कार्यालय प्रांतवार असतं, त्यामुळे ऑनलाइन वेळ घेताना पहिला प्रश्न प्रांताचा येतो. आरोग्यकार्ड, शाळा आणि शाळेच्या सुट्ट्या मात्र प्रदेशाच्या हातात. त्रेविन्योतल्या माणसाची काय तारांबळ उडत असेल ते समजा. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूकही प्रांतवार होते: एकूण ३५० जागा, प्रत्येक प्रांताला किमान दोन, सेउता-मेलियाला एकेक, बाकीच्या लोकसंख्येप्रमाणे. २०२३ला माद्रिदला ३७ जागा होत्या आणि सोरियाला दोन. निकालाच्या रात्री टीव्हीवर प्रांत एकेक करून रंगत जातात, त्याच्याइतकी चांगली उजळणी दुसरी नाही. आवाज बंद करा, प्रांत दिसला की आकडा आणि राजधानी मोठ्याने म्हणा.

निवडणूक नसेल तर हवामानाचा नकाशा घ्या. किंवा घरात येणारी प्रत्येक वस्तू उलटी करा: ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर २३ हाएन, वाइनच्या बाटलीवर २६ ला रियोहा, कारखान्याचा पत्ता बारीक अक्षरात असतोच.

फॉर्म भरताना नावं दोन भाषांत येतात तेव्हा गडबडू नका. विस्काया आणि बिस्काइया एकच, आलिकांते आणि आलाकान्त एकच, सान सेबास्तियान आणि दोनोस्तिया एकच, व्हितोरियाच्या पुढे गास्तेइस जोडलेलं असतं, पाम्प्लोनाला बास्क भाषेत इरुन्या म्हणतात. जुन्या लेबलांवर ल्येइदाचं लेरिदा आणि जिरोनाचं हेरोना दिसेल. आकडा सगळीकडे तोच.

शेवटची एक सूचना, एक्सेलमध्ये पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्यांसाठी. पिनकोडचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, मगच आकडे चिकटवा. नाहीतर ०१ ते ०९ या नऊ प्रांतांची सुरुवातीची शून्यं उडतात, ०८००१चं ८००१ होतं, आणि बार्सिलोनाचे सगळे पत्ते चार आकडी होऊन परत येतात. यादीत चार आकडी कोड दिसला तर तो ए किंवा बी गठ्ठ्यातला आहे हे समजा आणि पुढे शून्य लावून टाका.